पार्श्वगायन (हिंदी सिनेमातली सुरुवात)

पार्श्वगायन म्हणजे पडद्यावर एकजण ओठ हलवतो आणि गळा दुसऱ्याचाच असतो, ही पद्धत. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण बोलपटाची पहिली चार वर्षं हिंदी सिनेमात हा प्रकारच नव्हता. ज्याचा चेहरा त्याचाच आवाज, आणि गाता येत नसेल तर हिरोचं काम मिळणं अवघडच.

पहिला बोलपट 'आलम आरा', अर्देशर इराणींचा, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यात सात गाणी होती, आणि फकिराचं काम करणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांनी गायलेलं 'दे दे खुदा के नाम पे' हे हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं धरतात. या पिक्चरची एकही प्रिंट आज उरलेली नाही. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून शूटिंग बरंचसं रात्री, गाड्या बंद झाल्यावर करायचे, कारण आवाज तिथल्या तिथे फिल्मवरच रेकॉर्ड व्हायचा, नंतर दुरुस्ती वगैरे काही नाही. माइक कुठेतरी लपवायचा, तबला-पेटीवाले कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसवायचे आणि नटाने माइकपासून फार हलायचं नाही, आता अशात अभिनय काय करणार बिचारा! त्यामुळे सुरुवातीच्या पिक्चरमध्ये गाणं आलं की सगळे खांबासारखे उभे राहतात.

तरी गाण्यांची हौस दांडगी. १९३२ च्या मदन थिएटर्सच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास गाणी होती. त्यात आश्चर्य काही नाही, पारशी थिएटर काय किंवा आपलं संगीत नाटक काय, प्रेक्षकाला गाणारा नटच माहीत होता. प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी दोन्हीत काढला तेव्हा संगीत दिलं गोविंदराव टेंबे यांनी आणि हरिश्चंद्रही तेच, तारामती दुर्गा खोटे, आणि गाणीही ज्याची त्याने म्हटलेली.

बदल झाला तो कलकत्त्यात, न्यू थिएटर्स या फिल्म कंपनीत. १९३५ मध्ये नितीन बोस यांनी 'भाग्यचक्र' बंगालीत आणि 'धूप छाँव' हिंदीत केला. संगीत रायचंद बोराल यांचं, आवाजाची बाजू नितीनबाबूंचे भाऊ मुकुल बोस यांच्याकडे. नितीनबाबूंनी पंकज मलिक यांना एका रेकॉर्डच्या सुरात सूर मिसळून गाताना ऐकलं आणि तिथून डोक्यात चक्र फिरलं असा किस्सा सांगतात. 'मैं खुश होना चाहूँ' हे पारुल घोष, सुप्रभा सरकार आणि हरिमती यांचं गाणं आधी रेकॉर्ड झालं आणि सीन नंतर शूट झाला. काम तसं सोपं, स्टुडिओत गाणं फिल्मवर घ्यायचं, सेटवर लाउडस्पीकरवर वाजवायचं, नटाने त्यावर ओठ हलवायचे, आणि एडिटिंगला चित्राशी तेच रेकॉर्ड केलेलं गाणं जोडायचं. फायदा मोठा होता, कॅमेरा मोकळा झाला, एकाच कडव्यात चार ठिकाणी जाता यायला लागलं.

त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजच्या 'जवानी की हवा'च्या वेळी आणखी एक गंमत झाली. संगीतकार सरस्वती देवी (मूळच्या खोर्शेद मिनोचर-होमजी, पारशी घरातल्या) यांची बहीण चंद्रप्रभा त्यात काम करत होती, तिचा घसा बसला, मग सरस्वती देवी कॅमेऱ्याबाहेर उभ्या राहून गायल्या आणि बहिणीने नुसते ओठ हलवले. हे पार्श्वगायनच, फक्त आधी रेकॉर्ड न केलेलं. पहिलं कोण यावर वाद घालायचा तर घाला, माझ्या मते पद्धत म्हणून बसवली ती न्यू थिएटर्सनेच.

पण नवीन सोय आली म्हणून सगळे लगेच तिच्यामागे धावले असं नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या'त अशोककुमार आणि देविका राणी स्वतःच गायले, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही गळा बेताचाच. प्रभातने तर १९३७ मध्ये 'कुंकू'त (हिंदीत 'दुनिया न माने') पार्श्वसंगीतच काढून टाकलं आणि शांता आपटे यांना स्वतः गायला लावलं. आणि गाणारे नट कुंदनलाल सैगल यांचं काय सांगावं, १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'मध्ये 'बाबुल मोरा' ही भैरवी आधी रेकॉर्ड करायला ते तयारच होईनात, रस्त्यावरून चालत चालत कॅमेऱ्यासमोरच गायले आणि वादक मंडळी फ्रेमच्या बाहेर मागून चालत होती असं सांगतात.

१९४० नंतर मात्र वारं फिरलं. १९४३ च्या 'किस्मत'मध्ये मुमताज शांतीसाठी अमीरबाई कर्नाटकी गायल्या, १९४४ च्या 'रतन'मध्ये जोहराबाई अंबालेवाली यांचा आवाज घरोघरी गेला. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेले, फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, गाणाऱ्या नट्यांत मोठं नाव म्हणावं अशी सुरैयाच काय ती राहिली.

एवढं होऊनही गाणाऱ्याला नाव नव्हतं. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' हे त्याचं ठळक उदाहरण. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि विशीच्या उंबरठ्यावरची लता कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात गात हळूहळू माइककडे चालत आली, बरोबर मुखड्याला माइकपाशी पोचायचं, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करावं लागलं असं तिनेच सांगितलंय. एवढी मेहनत करून रेकॉर्डवर नाव काय छापलं तर 'कामिनी', म्हणजे पिक्चरमधल्या मधुबालाच्या पात्राचं! लोक रेडिओला विचारायला लागले की ही गाते कोण, तेव्हा कुठे कंपनीकडून नाव मागवलं गेलं. संगीतकार खेमचंद प्रकाश मात्र हे यश फार दिवस बघायला राहिले नाहीत, पिक्चर आल्यावर वर्षाच्या आत गेले.

त्यानंतर रेकॉर्डवर गायकांची नावं येऊ लागली. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला वेगळं बक्षीस सुरू केलं ते १९५९ मध्ये, आणि पहिलं मिळालं लताला, 'मधुमती'च्या गाण्यासाठी. गायक आणि गायिका यांची बक्षिसं वेगवेगळी व्हायला मात्र आणखी काही वर्षं गेली.