पुलाला छप्पर कशाला?

व्हिएतनाममधल्या होई आन गावात एका अरुंद ओहोळावर लाकडी पूल आहे. लांबी जेमतेम १८ मीटर, त्यामुळे रमतगमत गेलं तरी मिनिटभरात पलीकडे. पण या पुलावर घरासारखं कौलारू छप्पर आहे, आणि त्याच्या एका अंगाला चक्क देऊळही आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारासाठी इथे राहिलेल्या जपान्यांनी तो बांधला, म्हणून त्याला ‘जपानी पूल’ म्हणतात. १६३५ मध्ये जपानने आपल्या माणसांना परदेशी जायला बंदी घातली आणि ही वस्ती हळूहळू विरून गेली. पूल मात्र राहिला. आज तो व्हिएतनामच्या २०,००० डोंगच्या नोटेवर आहे.

छपरामुळे वाटसरूंना सावली मिळते, हे खरंच. पण छपराची खरी गरज लाकडाला असते.

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर ती वाढत नाही. होई आनची हवा तर कायम दमट. मग लाकूड टिकतं कसं? गंमत अशी की हवेत ८० टक्के आर्द्रता असली, तरी आडोशाचं लाकूड साधारण १६ टक्क्यांपर्यंतच ओल धरतं. नुसती दमट हवा त्याला कुजवू शकत नाही. कुजवतं ते अंगावर पडणारं पाणी, आणि नेमकं तेच छप्पर अडवतं.

त्यातही तुळईची कापलेली टोकं सर्वात नाजूक. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची मोळीच. तिचं तोंड उघडं पडलं की पाणी भराभर आत शिरतं. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवलेलं असतं, तिथे शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही. म्हणून उघडा लाकडी पूल आधी सांध्यांत खचतो.

खालून येणारं पाणी मात्र छपराला अडवता येत नाही. थू बोन नदीला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पूर येतात आणि जुन्या गावात पाणी शिरतं. त्यामुळे पुलाची दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली. १९१५ मध्ये फ्रेंचांनी मोटारींसाठी त्याची कमान सपाट केली होती. १९८६ मध्ये ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. इतके हात फिरल्यावर आजच्या रूपात जपानी किती आणि चिनी-व्हिएतनामी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला हा मिलाफच त्या बंदराच्या गावाला शोभून दिसतो.

इथली एक दंतकथा आपल्याला जवळची वाटेल. एका अजस्र प्राण्याचं डोकं भारतात, शेपूट जपानमध्ये. तो हलला की भूकंप होतो. त्याला जखडायला पाठीवर हा पूल ठोकला! आपला शेष आठवतोच. हिमालय आणि जपान दोन्ही भूपट्टांच्या सीमेवर आहेत, तिथे जमीन हादरते. होई आन त्या सीमांपासून दूर आहे. डोकं आणि शेपूट कथेने अगदी योग्य जागी ठेवलं आहे.

ताजी दुरुस्ती २०२२ च्या अखेरीस सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. नवा उजळ रंग अनेकांना रुचला नाही. या कामात पुलाचे भाग सुटे केले गेले. तेवढे दिवस त्याच्यावर एक मोठं तात्पुरतं छप्पर उभं होतं.