रायफल तंबूत का न्यायची नाही?

‘दुसऱ्या महायुद्धात रशियात जर्मनांना थंडीनं हरवलं’ हे वाक्य दर हिवाळ्यात नव्यानं फिरू लागतं. उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या आघाडीला तरी ते लागू पडत नाही. जर्मन जनरल डीट्लचे पहाडी सैनिक 29 जून 1941 ला तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या पेत्सामोच्या बाजूनं मुर्मान्स्क या सोव्हिएत बंदराकडे निघाले आणि सप्टेंबरातच लित्सा नदीपाशी अडकले. कडाका अजून सुरूही झाला नव्हता. धड रस्ते नाहीत, खडक आणि दलदल, समोर चिवट सोव्हिएत फौज. आघाडी ऑक्टोबर 1944 पर्यंत जवळपास तिथंच राहिली.

थंडी सैन्याला हरवो न हरवो, बंदूक मात्र बंद पाडते, आणि त्याची सुरुवात उबदार तंबूत होते.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तोच प्रकार. 20 अंशांची हवा घनमीटरमागे 17 ग्रॅमपर्यंत बाष्प धरते, उणे 20 ची जेमतेम 1 ग्रॅम. शेगडी, ओले कपडे आणि माणसांचे श्वास यांमुळे तंबूतली हवा दमट. उणे 30 अंशांचं पोलाद आत आणलं की त्याच्याभोवतीची हवा दवबिंदूखाली जाते आणि आधी पांढरं हिमतुषार बसतं. पोलाद तापलं की ते वितळून पाणी बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) आत, फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या, स्प्रिंगपर्यंत झिरपतं. पहाऱ्यावर परतलं की त्याचा बर्फ. चाप ओढला तरी पिन अर्धवट सरकते, काडतुसाच्या बुडावर टोला हलका बसतो आणि बार उडत नाही. जाड वंगण असेल तर तेही गोठून स्प्रिंगचा जोर खातं; मग दोष गोळीच्या माथी.

म्हणून रायफल बाहेरच, आडोशाला, नळीच्या तोंडावर टोपण घालून ठेवायची. साफ करायला आत आणलीच, तर घाम पूर्ण येऊन जाईपर्यंत थांबायचं. लगेच पुसून उपयोग नाही, कारण पोलाद थंड असेतो पाणी पुन्हा जमतं. नंतर बोल्ट सुटा करायचा, जुनं तेल रॉकेलनं धुवायचं (शेगडीपासून लांब!), कोरडं करायचं आणि पातळ तेलाचा नुसता हात फिरवायचा. कडाक्यात तर कोरडंच बरं. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हा हिशेब इथं उलटा पडतो.

दुर्बिणीचंही तेच, फक्त तिच्या भिंगांच्या आत शिरलेलं पाणी फडक्यानं पुसता येत नाही.