उशाशी पिस्तूल ठेवल्याने घर सुरक्षित होतं का?

अमेरिकेत पिस्तूल घेणाऱ्याला कारण विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: संरक्षणासाठी. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यासाठी आधी अर्जविनंत्या कराव्या लागतात. तिथे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगणं हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. हक्काचं न्यायालयाने पाहिलं. पिस्तुलामुळे घर खरोखर सुरक्षित होतं का, हे मात्र मोजूनच ठरवावं लागेल, आणि ही मोजणी भलतीच निसरडी आहे.

बंदुकीच्या बाजूने बोलणारे एक आकडा हमखास सांगतात. दरवर्षी २५ लाख वेळा अमेरिकी माणूस बंदुकीच्या जोरावर स्वतःचा बचाव करतो. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या अभ्यासकांनी सुमारे पाच हजार लोकांना फोनवर प्रश्न विचारून १९९५ मध्ये हा आकडा मांडला. त्यांच्यापैकी साधारण १.३ टक्के लोकांनी ‘हो, गेल्या वर्षभरात मी असा बचाव केला’ असं सांगितलं होतं. या टक्केवारीला देशातल्या प्रौढांच्या संख्येने गुणलं की झाले २५ लाख.

गुणाकार बरोबर आहे, गोची आधीच्या पायरीवर आहे. समजा, असा प्रसंग खरोखर हजारात एकावर येतो. म्हणजे पाच हजारांत पाच जण. उरलेल्या ४,९९५ लोकांपैकी शंभरातला एक जण जरी चुकीचं ‘हो’ म्हणाला, तरी आणखी पन्नास होकार जमा होतात. कोणी बढाई मारतो, कोणाला तीन वर्षांपूर्वीची घटना गेल्या वर्षीची वाटते, कोणी अंगणातल्या सावलीला चोर समजलेला असतो. उलट बाजूने चूक होऊन होऊन किती होणार? खरे पाचही जण ‘नाही’ म्हणाले तरी पाचच. म्हणजे घटना दुर्मिळ असली की थोडीशी चूकही आकडा फुगवते. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी हा मुद्दा लावून धरला आणि त्यासाठी एक गमतीदार दाखला दिला. १९९४च्या एका जनमत चाचणीत ०.६ टक्के लोक म्हणाले होते, की परग्रहवासीयांशी आपला स्वतःचा संपर्क आला आहे. क्लेक यांच्याच पद्धतीने गुणाकार केला तर असे बारा लाख अमेरिकन निघतात!

सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत हा प्रश्न फक्त गुन्ह्याला तोंड दिलेल्यांनाच विचारला जातो. तिथे आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. ही पाहणी काही प्रसंग गाळत असेल, हा क्लेक यांच्या बाजूचा आक्षेप रास्त आहे. तरी लाख आणि २५ लाख यांतला फरक निव्वळ विसरभोळेपणाने भरून निघेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या गटातल्या संशोधकांनी बचाव मोजायचं सोडून मृत्यू मोजले. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी तीन परगण्यांमध्ये घरात खून झालेल्या व्यक्ती घेतल्या आणि प्रत्येकीशी त्याच वस्तीतली, त्याच वयोगटातली, जिवंत असलेली व्यक्ती ताडून पाहिली. १९९३ साली त्यांनी लिहिलं, की बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट होता, आणि तो मुख्यतः घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडून होता. यावर टीकेची झोड उठली. धोक्यात राहणारा माणूसच बंदूक घेत असेल, तर दोष बंदुकीचा कसा? प्रश्न बिनतोड होता. अंमली पदार्थ, घरातली भांडणं वगैरे त्यांनी हिशेबात धरली होती, पण अशा अभ्यासात काहीतरी निसटतंच.

याचं खरं उत्तर आणखी चांगल्या अभ्यासाने द्यायला हवं होतं. घडलं वेगळंच. १९९६ मध्ये खासदार जे डिकी यांच्या पुढाकाराने रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, पैशातून बंदूक नियंत्रणाचा प्रचार करण्यास मनाई झाली आणि केंद्राचे २६ लाख डॉलर दुसरीकडे वळवले गेले. मनाई प्रचाराला होती, गारठलं संशोधन. पुढे २०१२ साली खुद्द डिकींनी संशोधन व्हायला हवं असं जाहीर लिहिलं. संसदेने त्यासाठी पुन्हा वेगळा निधी दिला तो २०१९च्या अखेरीस.

दरम्यान कॅलिफोर्नियात पिस्तुलाच्या प्रत्येक कायदेशीर खरेदीची नोंद होत होती. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट यांच्या गटाने ती नोंद वापरून २ कोटी ६३ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा मागोवा घेतला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांमध्ये सुमारे पस्तीसपट निघालं. मरायचं ठरवूनच पिस्तूल घेतलं असेल, ही शंका इथेही येते, आणि खरेदीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका सर्वाधिक होताच. पण निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यानंतरचे होते.

चोराच्या चर्चेत हाच भाग दुर्लक्षित राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो, आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी सहसा देत नाही. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये तरुण सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत (तिथे शुक्रवार-शनिवार) रायफल घरी नेऊ देणं थांबवलं. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर दिवसांत विशेष बदल नव्हता. दिवस बदलून किंवा मार्ग बदलून आकडा भरून निघाला नाही, हे मला सगळ्यांत बोलकं वाटतं.

ज्यांना बंदूक सोडायची नाही त्यांच्यासाठीही संशोधनात काही आहे. २००५च्या एका अभ्यासात बंदूक रिकामी आणि कुलपात ठेवणं, काडतुसं वेगळी आणि तीही कुलपात ठेवणं, या प्रत्येक सवयीचा मुलांमधल्या इजा आणि आत्महत्या कमी असण्याशी संबंध दिसला. अर्थात रात्री चोर आला तर कुलूप कधी उघडणार, हा सवाल येतोच. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली एका आठवड्यात एकमेकांना अनोळखी असलेल्या तीन ग्राहकांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत जीव दिला. त्यानंतर तिथले दुकानदार आणि आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारे एकत्र बसले. त्यांनी दुकानांत पत्रकं ठेवली: मित्राचा घटस्फोट झाला असेल, नोकरी गेली असेल, तो खचला असेल, तर तो सावरेपर्यंत त्याची बंदूक घराबाहेर ठेवायला मदत करा.