मेंदूतलं भेंडोळं: हात लावावा की नाही?

रक्तदाबाचा त्रास नसलेल्या तरुण माणसाच्या मेंदूत अचानक रक्तस्राव झाला, की डॉक्टर ज्या कारणांचा शोध घेतात त्यांत एव्हीएम, म्हणजे आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन, हे एक प्रमुख कारण असतं.

एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जातं. तिथे त्याचा दाब उतरतो, पेशींना प्राणवायू मिळतो आणि मग ते शिरांमध्ये जातं. एव्हीएममध्ये हा मधला टप्पाच नसतो. धमन्या वेड्यावाकड्या वाहिन्यांच्या भेंडोळ्यातून थेट शिरांना जोडलेल्या असतात. मोटारीच्या पंपाचा सगळा जोर बागेतल्या पातळ नळीवर यावा, तसा धमनीचा दाब शिरेवर येतो. कुणाला आधी आकडी येते, कुणाचं डोकं दुखत राहतं. कुणाला तर दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढल्यावर याचा पत्ता लागतो.

फुटण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण पंचविशीतल्या रुग्णापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात! एकदा फुटलेलं एव्हीएम पुन्हा फुटण्याची शक्यता तर आणखी जास्त.

उपाय तीन. कवटी उघडून भेंडोळं काढलं तर धोका लगेच संपतो. पण ते केवढं आहे, बोलण्या-चालण्याच्या केंद्राजवळ आहे का आणि त्याचं रक्त खोलवरच्या शिरांत उतरतं का, यावर ऑपरेशनची जोखीम ठरते. स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ मध्ये मांडलेली प्रतवारी याच तीन गोष्टींवर उभी आहे. दुसरा उपाय, जांघेतून कॅथेटर घालून वाहिन्यांत ग्लू सोडणं. एकट्या ग्लूने काम क्वचितच पुरं होतं, म्हणून तो बहुधा ऑपरेशनच्या आधी वापरतात. तिसरा गामा नाइफचा. यात सुरी नसतेच, असतात ते नेमके रोखलेले किरण. लहान भेंडोळ्यांना तो चांगला लागू पडतो, मात्र वाहिन्या बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाची टांगती तलवार असतेच.

न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार करावेत का, यावर २०१४ मध्ये रुग्णांचे दोन गट करून तुलना करणाऱ्या ‘अरुबा’ चाचणीने खळबळ उडवली. सरासरी ३३ महिन्यांच्या पाहणीत, भेंडोळ्यावर उपचार केलेल्यांपेक्षा त्याला हात न लावता फक्त औषधांवर ठेवलेल्यांमध्ये पक्षाघात किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण बरंच कमी दिसलं. सर्जन मंडळी वैतागली, आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे: ऑपरेशनची किंमत पहिल्या दिवशीच मोजावी लागते, फायदा मात्र पुढची कित्येक दशकं मिळत राहतो. तो ३३ महिन्यांत कसा दिसणार? सत्तरीतल्या रुग्णाला मात्र ‘अरुबा’चं उत्तर पुरेसं आहे, असं मला वाटतं.