डोंबिवली स्टेशन आणि कापरेकरांच्या संख्या

२०२५ साल उजाडले तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक गणिती शुभेच्छा फिरत होती: २० अधिक २५ म्हणजे ४५, आणि ४५चा वर्ग २०२५. ४५सारख्या संख्यांना, गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावावरून, कापरेकर संख्या म्हणतात, हे त्या मेसेजांत क्वचितच असे. कापरेकर शिकले ठाण्यात, हे तर नसेच.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. पत्रिका मांडायला खोल गणित लागत नाही, आकडेमोड मात्र पक्की लागते, आणि मुलाला ती गोडी घरातच लागली. आई तो आठ वर्षांचा असताना गेली. माध्यमिक शाळा ठाण्यात झाली, मग पुण्याचे फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले.

ज्यांच्या नावाचे हे पारितोषिक, ते र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले पहिले भारतीय. गणितात नाव काढायचे तर विलायतेची बोट पकडायची, हा तेव्हाचा राजरस्ता. कापरेकर त्या वाटेला गेलेच नाहीत. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९३०पासून देवळालीत मास्तरकी सुरू केली, ती थेट १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही, फेलोशिप नाही.

आता डोंबिवली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या याच पट्ट्यात, मुंबईपासून तीस मैलांवर, डोंबिवली. या स्टेशनावर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या आणि स्टेशनाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटले. १६५ घ्या: टोकांचे १ आणि ५ मिळवले की मधला ६. २५५३मध्ये २ आणि ३, मध्ये ५; ४७७७३मध्ये ४ आणि ३, मध्ये ७. यांतल्या सर्वांत देखण्या संख्या नुसत्या एकांच्या वर्गातून निघतात. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१ (टोकांचे १२ आणि २१ मिळवले की ३३, मध्ये ३), ११११चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर नीट चढतो आणि उतरतो. दहाव्या एकाला हातचा आडवा येतो आणि शिखर ढासळते.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम ६१७४चे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचे पुन्हा तेच करा. ठाण्याच्या गाडीचे १८५३ घेऊन बघा. ८५३१ वजा १३५८, उरले ७१७३. ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, आणि पाचव्या खेपेला ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तिथून पुढे हलता येत नाही. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात खेपांत इथे येते. यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: मोठ्यात मोठा आणि लहानात लहान अंक यांचा, आणि मधल्या दोहोंचा. पहिल्याला ९९९ने गुणा, दुसऱ्याला ९०ने, बेरीज करा. त्यामुळे सगळ्या चार अंकी संख्या पहिल्याच खेपेत अवघ्या ५४ उत्तरांवर येतात. पुढचे तपासायला एक दुपार पुरते.

मग हे काम इतकी वर्षे कोपऱ्यात का राहिले? रामानुजनांना हात देणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली एका छोट्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे दिली: उलट्या लिहिलेल्या संख्येच्या पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच. लगेच निकालही दिला, की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला यात विशेष काही नाही. आक्षेप अगदीच चूक नाही. माणसाला बारा बोटे असती तर हे सगळे आकडे वेगळे दिसले असते. पण ती अभिरुची धंद्याची झाली की अंकांत रमणाऱ्या मास्तराला दार बंद. ६१७४ मांडले गेले त्याच १९४९ साली गणितज्ञ के. चंद्रशेखरन मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथली गणिताची शाखा जगाच्या नकाशावर जाऊ लागली. देवळालीचे मास्तर मात्र आपले निबंध बऱ्याचदा स्वतःच छापत होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेत होते.

अपरिचयाची किंमत कशी पडते, याचा एक नमुना. कापरेकरांनी काही संख्यांना स्वयंभू म्हटले: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या तयार होत नाहीत त्या. २१ स्वयंभू नाही, कारण १५ अधिक १ अधिक ५ म्हणजे २१. २० मात्र स्वयंभू. त्यांना त्यांनी देवळाली संख्या असेही नाव दिले. पुढे १९७०च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी त्याच संख्यांचा प्रश्न एका अमेरिकन मासिकात मांडला, आणि आता कोलंबियन संख्या हे नावही त्यांना आहे. सुदैवाने मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि सत्तरीत त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते देवळालीतच वारले.

कापरेकर संख्यांना पक्के गणित मिळाले ते त्यानंतर, २००० साली, डग्लस इयानुची यांच्या निबंधात. ४५चेच घ्या. वर्गाचे दोन-दोन अंकी तुकडे मिळवून मूळ संख्या यायची, तर ती संख्या आणि तिच्याआधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ने भाग जायला हवा. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. ४५ला ९ने भाग जातो, ४४ला ११ने. उलट वाटणी केली की ५५ आणि ५४. दोन्ही वाटे एकाच बाजूला टाकले की ९९ किंवा १. पाचवी वाटणीच नाही, म्हणून दोन अंकी तुकड्यांत पाचवी संख्याही नाही. आणि ९९चा वर्ग ९८०१, हार्डींनी कोड्यांच्या सदरात पाठवलेला.