केंद्रक गोल असतं, हे अर्धंच खरं

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात अणूचं केंद्रक नेहमी चेंडूसारखं गोल असतं. प्रत्यक्षात बरीचशी केंद्रकं तशी नसतात, आणि ते पाहायला अवाढव्य यंत्रच लागतं असंही नाही. पुण्यात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीच्या जर्नलमधल्या एका आलेखातही ते दिसतं.

आलेख युरोपियम-१५२ या किरणोत्सारी स्रोतातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेचा. डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याची मोजपट्टी ठरवण्यासाठी, हा स्रोत वापरतात. शिखरं कुठे आली ते लिहायचं, रेघ ओढायची, पुढच्या प्रयोगाला लागायचं. पण थांबून पाहावं अशी दोन शिखरं तिथे आहेत: एक १२२ केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), दुसरं ३४४ला. युरोपियमचं केंद्रक दोन वाटांनी बदलतं. एका वाटेने होतं समेरियम-१५२, म्हणजे ६२ प्रोटॉन आणि ९० न्यूट्रॉन. दुसरीने गॅडोलिनियम-१५२, म्हणजे ६४ आणि ८८. कणांची बेरीज तीच. दोन्ही शिखरं त्या त्या केंद्रकाच्या पहिल्या उत्तेजित (किमान ऊर्जेच्या लगेच वरच्या) पातळीतून खाली येताना निघालेल्या गॅमा किरणांची. मग ऊर्जेत जवळजवळ तिपटीचा फरक का?

आकारामुळे. क्वांटमच्या नियमांत पूर्ण गोल केंद्रकाला फिरणं म्हणजे काही अर्थच उरत नाही. त्याला उत्तेजित करायचं तर आतली मांडणीच हलवावी लागते आणि त्याला भरपूर ऊर्जा लागते. लांबट केंद्रक मात्र थोडक्यात फिरू लागतं. समेरियम-१५२ तसं आहे: त्याची लांबी जाडीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त. गॅडोलिनियम-१५२ गोलाच्या बरंच जवळचं. आणि खरोखर गोल शिसं-२०८? त्याची पहिली पातळी थेट २६१५ केईव्हीवर.

शिशात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन आहेत, दोन्ही मॅजिक नंबर, म्हणजे केंद्रकातली कवचं (कणांच्या ऊर्जेचे थर) पूर्ण भरणारे आकडे. कवचं पूर्ण भरली की केंद्रक गोल राहतं. मॅजिक नंबरचं कोडं कवचांच्या कल्पनेने सोडवल्याबद्दल मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांना १९६३चं नोबेल मिळालं. कवच अर्धवट भरलेलं असलं की बाहेरचे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना ओढत केंद्रकाला ताणतात.

हा बदल हळूहळू व्हावा असं वाटतं. झिर्कोनियम तसं करत नाही. ५८ न्यूट्रॉन असताना त्याची स्पिन (फिरण्याचं माप) २ असलेली पहिली पातळी १२२३ केईव्हीवर असते. आणखी दोन न्यूट्रॉन घातले की २१३वर कोसळते. शंभर कणांच्या घोळक्यात दोन वाढले आणि सगळ्यांनी मिळून आकार बदलला! केंद्रक-भौतिकीत याहून विलक्षण गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

याहून जड, न्यूट्रॉनने ठासून भरलेल्या केंद्रकांचा संबंध लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफी पेढ्यांशीही पोचतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. नंतर तिच्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही ऐकल्या. अशा टकरीत केंद्रकं भराभर न्यूट्रॉन गिळतात आणि १२६ न्यूट्रॉनपाशी अडखळतात. पुढे त्यांच्या क्षयातून सोनं आणि प्लॅटिनम तयार होतं. किती, हे त्या केंद्रकांच्या आयुष्यावर ठरतं, आणि आयुष्यावर आकाराचाही परिणाम होतो. ऑस्मियम आणि प्लॅटिनममध्ये ११६ न्यूट्रॉनच्या आसपास लांबट आकार चपट्याकडे झुकतो, १२६कडे जाताना पुन्हा गोलावा येतो. सोन्याच्या वाटेवरच्या त्याहून हलक्या मूलद्रव्यांची मोजमापं मात्र अजून हाती यायची आहेत. त्यासाठी जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेत युरेनियमची केंद्रकं प्रकाशाच्या सुमारे सत्तर टक्के वेगाने आदळवून फोडतात आणि त्या तुकड्यांतून दुर्मीळ केंद्रकं एकेक करून वेचतात.