गोचिडाला कपाशीचं औषध: एका सवयीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात कुत्रं पाळतात ते बहुधा जागलीसाठी. रानडुकरं, रोही हाकलायला रात्री शेतात सोबत लागते. त्याला गोचीड झाले की औषध घरातच सापडतं: कपाशीवर फवारून उरलेली बाटली. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येईल, पण सवय लागली कशी ते पाहायला हवं.

आधी पावडर होती. गॅमेक्झिन, म्हणजे बीएचसी (बेन्झीन हेक्साक्लोराइड) हे कीटकनाशक. पिकावर धुरळायची तीच गोठ्यात, तीच कुत्र्याच्या पाठीवर. कुत्रं अंग चाटतं, पोरं त्याला बिलगतात, हे कोणी मोजलं नाही. १९९७ मध्ये बीएचसीवर देशात बंदी आली. पण तोवर संकरित कपाशीबरोबर मोनोक्रोटोफॉस आणि पुढे सायपरमेथ्रिन ही फवारायची कीटकनाशकं घराघरात पोचली होती.

खरा घोळ सायपरमेथ्रिनचा. गुरांच्या गोचिडांवरच्या औषधातही ते असतं, त्यामुळे 'नाव तेच, मग औषध तेच' असं वाटणं साहजिक आहे. पण पिकासाठीच्या बाटलीतली तीव्रता आणि द्रावक कातडीचा विचार करून ठरवलेले नसतात. मांजराचं तर यकृतच अशी द्रव्यं नीट पचवू शकत नाही. त्याच गटातलं, कुत्र्यांसाठी बनवलेलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. मोनोक्रोटोफॉसची तऱ्हा वेगळी: लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून विषबाधा म्हणजे काय हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र 'काहीतरी खाल्लं असेल' यावर विषय संपतो.

कायद्याचं मूळही विषबाधेतच आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसं गेली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. औषध किती विषारी ते सांगणारे बाटलीवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण त्याच व्यवस्थेतले. कृषी केंद्रात ते पाहून औषध घेणारा विरळाच.

खाण्याची गोष्ट थोडी निराळी. पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी-मका माणसाला नको, म्हणून कुत्र्याच्या वाट्याला येते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीच्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने, म्हणजे बुरशीच तयार करते त्या विषाने, शंभरावर माणसं मेली. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. आता तालुक्याला कुत्र्याचं तयार खाद्यही मिळतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे, त्यामुळे पाव-बिस्किटांना लागू होणारे नियम या पोत्याला लागत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन हे कारखान्यातलं रसायन मिसळलेल्या खाद्याने कुत्री-मांजरं मेली, तेव्हा कंपन्यांनी माल परत मागवला तो पाकिटावरच्या तारखा आणि खुणा पाहून. आपल्याकडे पोतं फोडून किलोवर सुटं खाद्य घेतलं, तर त्या खुणा दुकानातच राहतात.